बिनबुक्क्याची परतवारी

दिवाळीच्या फराळाशेजारी भांडण वाढून ठेवू नये, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे. तो मोडून मी आज एक भांडण घेऊन आलो आहे. वाचकांनी आधी चकल्या-अनारसे निवांत उरकावेत आणि मग मजकडे वळावे, एवढी सवलत मी आनंदाने देतो. भांडण म्हणाल तर साधेच आहे. ज्याचा देवावर विश्वास नाही, त्याने वारीच्या रस्त्याने चालावे की नाही? आणि चालायचे, तर कोणत्या नात्याने?

माझे गाव नरसी. हिंगोलीहून पंधरा-सतरा किलोमीटरवर, कयाधू नदीच्या काठी. नामदेवमहाराजांचे जन्मगाव म्हणून लोक त्याला नरसी नामदेव म्हणतात. मी बाहेरगावी तीस-बत्तीस वर्षे मास्तरकी केली आणि पेन्शन घेऊन पुन्हा नदीकाठी येऊन बसलो. ‘बसलो’ ही आपली बोलण्याची रीत झाली. प्रत्यक्षात मी बसत नाही. चालणे हे माझे व्यसन आहे. नदीच्या काठाने, माळावरून, गाडीवाटेने, बांधावरून, जिथे पाऊल ठरते तिथे मी गेलेलो आहे. खांद्याला एक पिशवी, पिशवीत पाणी, दोन भाकरी आणि एक पुस्तक. भाकरी विसरली तर मी तसाच पुढे जातो आणि पुस्तक विसरले तर माघारी येतो, ही माझ्या पत्नीची माझ्याविषयीची मुख्य तक्रार.

आमच्या भागात या नादाला अजून प्रतिष्ठा नाही. माझा भाचा पुण्यास असतो. दर शनिवारी-रविवारी तो कुठल्या ना कुठल्या गडावर असतो. पायात भारी बूट, हातात काठ्या, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ. एकदा तो नरसीस आला असता म्हणाला, “मामा, तुमच्याकडे चढायला आहे तरी काय?” मुद्दा बिनतोड होता. हरिश्चंद्रगड नाही, राजगड नाही, तोरणा नाही. आहे ती काळी माती. आषाढात ती वहाणेला अशी धरते की शंभर पावलांत प्रत्येक पाय दोन शेर जड होतो. मी त्याला एवढेच म्हटले की, सह्याद्रीत माणूस वर चढतो आणि खाली पाहतो. आमच्या सपाट मुलखात समोर पाहावे लागते, आणि समोर कोणीतरी माणूसच उभा असतो. तो माणूस विचारतो, “गुरुजी, कुठं चाललात? कशापायी?”

या ‘कशापायी’चे उत्तर देता देता माझी पन्नास वर्षे गेली. शेताला चाललो, म्हटले असते तर त्याचे समाधान झाले असते. देवाला चाललो, म्हटले असते तर त्याने हातही जोडले असते. उगाच चाललो, हे उत्तर मात्र कोणाला रुचत नाही. भाच्याचे घड्याळ आणि माझ्या शेजाऱ्याची एकादशी यांत मला फारसा फरक दिसत नाही. एकाला पावले जमवायची आहेत, दुसऱ्याला पुण्य. दोघांनाही वाट संपण्याची घाई आहे.

आता प्रसंगाकडे येतो. आषाढी एकादशीला पंढरपूरची वारी झाली की पंधरा दिवसांनी, आषाढ वद्य एकादशीला, नरसीत परतवारी भरते. नरसीला आल्यावाचून पंढरीची वारी पुरी होत नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे. त्या दिवशी पहाटेपासून हिंगोलीकडून नरसीचा रस्ता माणसांनी भरून वाहतो. मीही आदल्या दिवशी हिंगोलीस जाऊन मुक्काम करतो आणि पहाटे त्यांच्याबरोबर चालत गावी येतो. गेली अनेक वर्षे हा माझा नेम आहे. भाविकांच्या नेमापेक्षा तो कमी कडक नाही, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो.

दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला एका मांडवात फराळ वाटत होते. साबुदाण्याची खिचडी, केळी, चहा. एक तरुण गडी येणाऱ्याच्या कपाळी बुक्का लावून मग द्रोण हाती देत होता. माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडून म्हटले, “बुक्का नको, बाळा. मी देव मानत नाही. खिचडी नाही दिलीस तरी चालेल.” तो गोंधळला, मग चिडला. “मंग या रस्त्यावर तुमचं काय काम हाय? कडंनं चाला.” मागे लोक खोळंबले. तेवढ्यात डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी पुढे झाली आणि त्या पोराला म्हणाली, “चालू दे की त्याला. रस्ता काय तुह्या बापाचा हाय?” मला बरे वाटले. पण ते बरे वाटणे दोन क्षणच टिकले. ती लगेच माझ्याकडे वळली. “आन् तू रं? येवढासा बुक्का लावला असता तर कपाळ झिजलं असतं का तुहं?”

त्या पोराला उत्तर देणे सोपे आहे. म्हातारीला उत्तर द्यायला मला दोन वर्षे लागली.

पोराचे आधी घेऊ. नरसीहून निघून दिवसभर चालले की औंढा नागनाथ येते. विसोबा खेचरांची कथा तिथलीच म्हणून सांगतात. नामदेव गुरूच्या शोधात गेले, तर विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी पाय काढायला सांगितले. विसोबा म्हणाले, जिथे देव नसेल तिथे नेऊन ठेव. नामदेवांनी पाय जिथे जिथे ठेवले तिथे तिथे पिंड उभी राहिली. ही कथा आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. मी ती घडलेली मानत नाही. पण जो मानतो त्याला मला विचारायचे आहे की, बाबा रे, देवावाचून मोकळी जागाच नाही असे तुझीच कथा सांगते, तर मला ‘कडंनं चाल’ म्हणताना तू नेमकी कोणती कड दाखवत होतास?

ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. पूजेचा दगड आणि पायाखालचा दगड यांत भेद कसला, अशा अर्थाचा रोखठोक प्रश्न त्यांतल्या एका पदात आहे. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले. इथून तिथवर सरळ रेघ काढली तरी हजार किलोमीटरांहून अधिक अंतर भरते. २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्यातले पुष्कळ जण आगगाडीने गेले आणि प्रवास फार लांबचा झाला म्हणून परत येऊन कण्हले. एवढे चालणारा माणूस वाटेत केवळ आपल्याच मताच्या माणसांना भेटला असेल, हे मला संभवत नाही. मात्र इथे मी थांबतो. नामदेवांना ओढून आमच्या पक्षात आणण्याचा उद्योग मी करणार नाही. ते विठ्ठलाचे होते, नखशिखान्त होते. त्यांना नास्तिक ठरवणे ही लबाडी होईल, आणि लबाडीच करायची तर मग बुक्का काय वाईट होता?

आता दुसऱ्या बाजूचे भांडण. नांदेडला माझे एक स्नेही आहेत, मोठे विवेकवादी. त्यांना हा प्रसंग सांगितला तर ते म्हणाले, “तुझेच चुकले. तू तिथे जातोसच कशाला? वर्तमानपत्रात ‘लाखो भाविक’ असे छापून येते, त्या लाखांत तुझे एक डोके असते. तू बुक्का लाव, न लाव; मोजणाऱ्याने तुला भाविकांतच मोजलेले असते.” युक्तिवाद जोरदार आहे. त्यातले मोजणीविषयीचे म्हणणे खरे आहे, आणि त्यावर माझ्याजवळ इलाज नाही. पण मोजणारा चुकीचे मोजतो म्हणून मी रस्ता सोडावा, हे मला मान्य नाही. घरात बसून लोकांच्या श्रद्धेची चिकित्सा करणे म्हणजे नकाशा बघून पाय दुखल्याची तक्रार करणे होय.

ज्यांच्या पुस्तकांवर आम्ही दोघे वाढलो ती माणसे काय करीत होती? इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’त, १९४९ साली आला. एका दिंडीत ब्राह्मण वेगळे आणि मराठे वेगळे जेवतात, एका देवाचे नाव घेत चाललेल्या माणसांची चूल मात्र एक होत नाही, हे त्यांनी पंक्तीत बसून पाहिले, आणि जे पाहिले ते लिहिले. त्याच वाटेवर महाराष्ट्र म्हणजे काय, याचाही त्यांना उमज पडला. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती, आणि देवभोळेपणाशी त्यांचे वैर. पण पुण्याच्या आसमंतातले माळ आणि टेकड्या ते पायी तुडवीत, गारगोटीची बारीक अश्मयुगीन हत्यारे वेचीत. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात त्यांनी असे मांडले की, पालखीच्या वाटा ज्ञानोबा-तुकोबांहून फार जुन्या आहेत. पावसाळ्याच्या मागेपुढे गुरे घेऊन हिंडणाऱ्या माणसांच्या हंगामी वाटांवर त्या पडलेल्या आहेत. सगळे तपशील विद्वानांनी तपासावेत. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. श्रद्धा नसलेला माणूस श्रद्धेच्या वाटेवर नजर जमिनीला लावून चालला, तेव्हा त्याला ती वाट भाविकाला दिसते त्याहून अधिक जुनी दिसली. गो. नी. दांडेकर यांच्या उलट श्रद्धाळू. त्यांची भ्रमंती नर्मदेच्या परिक्रमेत आणि गडांवर झाली. त्यांची पुस्तके मी तितक्याच गोडीने वाचतो. चालणाऱ्याचे चालणाऱ्याशी जमते.

आणि आमच्या जिल्ह्याचे नरहर कुरुंदकर. कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचे, वसमतला वाढलेले, नांदेडला अध्यापन केलेले. आपण नास्तिक आहोत हे ते लपवीत नसत, आणि मनुस्मृतीपासून संतांपर्यंत परंपरेतले काही वाचायचेही सोडत नसत. १९६९ साली त्यांचे ‘जागर’ आले तेव्हा मी नांदेडला शिकत होतो. उधार घेऊन ते विकत घेतले. ज्या नदीकाठाने महाराष्ट्राला नामदेव दिला, त्याच काठापासून दोन कोसांवर काय नि दहा कोसांवर काय, कुरुंदकरही निपजले. आमच्या मातीचा कोणता नमुना अस्सल आणि कोणता भेसळीचा, हे ठरवायला बसलेल्यांना मी हे एवढेच सांगतो.

पण या तरुणपणाच्या वाचनाची एक जखमही आहे, ती सांगितली नाही तर म्हातारीचा प्रश्न अपुरा राहील. आमचे नाना पक्के वारकरी. गळ्यात माळ, घरात हरिपाठ. १९७० साली नामदेवांच्या सातशेव्या जन्मवर्षाच्या सुमारास शासनाने गाथा छापली. ती नानांनी पोथीसारखी फडक्यात बांधून ठेवली होती. १९७२ साली दुष्काळ पडला. कयाधूचे पात्र कोरडे, माणसे खडी फोडायला गेलेली. तशातही नाना परतवारीची तयारी करीत होते. मी विशी-बाविशीचा, ‘जागर’ वाचून आलेला. मी भर ओसरीवर त्यांना म्हणालो, “पाऊस पाडता येत नाही त्या देवाला चालत कशाला जाता?” नाना काही बोलले नाहीत. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. माझे मत आजही तेच आहे. पण ज्या माणसाच्या विहिरीत पाणी उरले नव्हते, त्याच्या हातातली काठी मी त्या दिवशी काढून घेऊ पाहत होतो, आणि बदल्यात देण्याजोगे माझ्यापाशी काहीही नव्हते. पुढल्या वर्षी परतवारीच्या पहाटे त्यांनी दोन तांबे भरून ठेवले. एक त्यांचा. दुसरा कोणाचा, हे ते बोलले नाहीत. मी उचलला आणि त्यांच्या मागून चालू लागलो. माझा नेम त्या दिवसापासूनचा आहे.

मग बुक्का का नाही लावला? म्हातारीला माझे उत्तर असे आहे. आजी, कपाळ झिजले नसते. खिचडीही सुखाने मिळाली असती. पण त्या पोराने बुक्का लावला तो मला आपल्यातला समजून. तो समज खोटा आहे हे ठाऊक असताना मी कपाळ पुढे केले असते, तर ती त्याची फसवणूक झाली असती, आणि नानांचीही. नानांनी तांबा भरून ठेवला तो न मानणाऱ्या मुलासाठी. वर्षभर अबोला धरून त्यांनी जे माझ्या पदरात टाकले, ते मी एका द्रोणभर खिचडीसाठी मोडायचे नाही, असे मला वाटते. निवृत्तीच्या सत्काराला मी नारळ आणि कपाळी गंध घेतले होते, हे मात्र कबूल करतो. तेव्हा हा मुद्दा सुचला नाही. माणूस सभेत भित्रा असतो.

श्रद्धाळूंवर मी टीका केली. आता आमच्या चालणाऱ्यांच्या एका खोडीवरही केली पाहिजे. ‘मी तिथे गेलो आणि मला जाणवले,’ असे म्हणण्याची ही खोड. नामदेवांचे जन्मगाव ही नरसी की कऱ्हाडाजवळचे गाव की पंढरपूरच, यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. गाथेत विष्णुदास नामा या मागाहूनच्या कवीच्या रचना मिसळल्या आहेत, त्यामुळे गुंता वाढला आहे. गावात हा विषय काढला की माणसे उठून जातात. मला भाचा विचारतो, “मामा, तुम्ही एवढे हिंडता, तुम्हाला काय वाटते?” मला जे वाटते त्याला पुराव्याची किंमत नाही. कयाधूच्या काठी पहाटे उभे राहिले की नामदेव इथलेच, असे वाटते खरे. पण मी कऱ्हाडकडचा असतो तर कृष्णेच्या काठी उभा राहून तसेच वाटले असते. औंढ्याच्या देवळाचेही तसेच. नामदेवांना कीर्तन करताना देवळाच्या मागे घालवले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले, अशी कथा. खालचे काळ्या दगडाचे जुने कोरीव काम आणि त्यावरचा मागाहूनचा चुनेगच्ची भाग मी अनेकदा हिंडून पाहिला आहे. दगड फिरल्याची खूण मला दिसली नाही. पण कोणीतरी कोणाला तरी मागे घालवले होते, आणि ज्यांना घालवले त्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या विसरता आले नाही, एवढे त्या कथेतून मला दिसते. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. तिथे देऊळ आपण होऊन फिरले नाही. चोखामेळ्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यापुढे माझे मांडवातले दुःख अगदीच किरकोळ, हे मी जाणतो. बाहेर काढण्याची सवय मात्र एकच.

आणि ही सवय केवळ देवळाच्या दारात असते असे कोणी समजू नये. ती शेताच्या बांधावरही असते. नरसीहून औंढ्याच्या दिशेला एक जुनी गाडीवाट जाते. रस्त्याने जीपा आणि फटफट्या धावू लागल्यावर तिच्यावरून चालणारा मी जवळजवळ एकटाच उरलो. दोन वर्षांपूर्वी तिचा एक तुकडा नांगरलेला दिसला. मी शेतमालकाला गाठले. तो म्हणाला, “गुरुजी, हिकडं तुमचं शेत कुठं हाय?” मी म्हटले, नाही. “मंग वाट कशापायी लागती?” पुन्हा तेच कशापायी! आणि कायदा त्याच्याच बाजूचा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत १४३ वे कलम आहे. शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असेल, तर तहसीलदाराकडे मागता येते. ज्याला शेत नाही आणि केवळ चालायचे आहे, त्याच्यासाठी त्या कलमात जागा नाही. इंग्लंडात १९३२ साली मँचेस्टरकडच्या गिरण्या-कारखान्यांतले तरुण किंडर स्काउट नावाच्या जमीनदारी माळावर मुद्दाम घुसले. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हवेत चालायला मिळावे, एवढीच त्यांची मागणी. पाच जण तुरुंगात गेले. मोकळ्या माळावर चालण्याचा हक्क तिथे कायद्याने मिळाला तो २००० साली. स्वीडनमध्ये तर हा हक्क रूढीनेच सर्वांचा आहे; पिकाचे नुकसान करू नका, घराच्या अंगणात शिरू नका, बाकी चाला.

मला ही वाट हवी आहे, हे मी शेतमालकाला सांगितले. पण आवाज चढवला नाही. त्याचे शेत अडीच एकरांचे, सोयाबीनचा भाव त्याच्या हातात नाही, आणि माझी पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते. जमीनदाराशी भांडायला किंडर स्काउटचे उदाहरण ठीक. अडीच एकरवाल्यापुढे ते काढताना जीभ अडखळते. मी पिशवीतली भाकरी काढली, त्याने चटणी आणली. पुस्तक पाहून त्याने विचारले, “देवाचं हाय?” मी म्हटले, “नाही. देव न मानणाऱ्याचं.” त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. “गाथा असती तर वाचून दाखवा म्हणलो असतो,” म्हणाला. पुढच्या खेपेस मी नानांची गाथा घेऊन गेलो आणि बांधावर बसून त्याला तासभर वाचून दाखवली. अर्थ सांगताना कुठे कुठे आमचे दोघांचे वाजले.

यंदाच्या आषाढात गेलो तर पेरणी झालेली, सोयाबीन घोट्याच्या वर आलेले, आणि बांधाच्या कडेने दीड-दोन फुटांची पट्टी मोकळी सोडलेली. मी भारावून त्याचे आभार मानू लागलो. तो हसला. “तुमच्यासाठी न्हाई, गुरुजी. फवारणीच्या गड्याला जायला लागती.” मी वहाणा काढून हातात घेतल्या, चिखल फार होता, आणि त्या पट्टीवरून पुढे निघालो.